कॅन्सरसारखी दिसणारी, पण कॅन्सर नसलेली स्तनातील गाठ : अनुभव आणि चर्चा

(नंतर वाढवलेली ओळ : यातील प्रत्येक गाठ बायोप्सीनंतरच साधी ठरली.)

बोरीकाठची

नमस्कार. स्तनातील गाठीविषयी चारचौघांत बोलण्याची आपल्याकडे पद्धत नाही, आणि ज्या बोलतात त्यांचे बोलणे बहुधा कोणाच्या तरी कॅन्सरच्या बातमीपाशी सुरू होऊन तिथेच संपते. माझ्या बाबतीत मध्येच एक वेगळे वळण आले. त्याविषयी मला मराठीत वाचायला काहीच मिळाले नव्हते, म्हणून आठ महिन्यांनी का होईना, सविस्तर लिहीत आहे.

मी अमळनेर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, वय ४१. गेल्या पोळ्याच्या आदल्या रविवारी अंघोळ करताना उजव्या स्तनाच्या वरच्या, छातीच्या मधल्या हाडाकडच्या बाजूला बोटाला काहीतरी टणक लागले. आकार चिंचोक्यापेक्षा थोडा मोठा होता, दुखत अजिबात नव्हते आणि बोटाने ढकलले तरी ते जागचे हलत नव्हते. हात डोक्यावर नेला की त्या जागेवरची कातडी आत ओढली जाऊन रव्याच्या ओल्या लाडवाला अंगठा लागावा तशी खळी पडत होती. सासूबाईंना सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "दुखस नही, मंग डॉक्टरले दखाडानं कसाले?" त्यांचा तर्क त्यांच्या जागी सरळ होता, पण न दुखणाऱ्या टणक गाठीचीच जास्त काळजी करावी, असे आमच्या गावच्या आरोग्यसेविकेने एकदा महिलांच्या बैठकीत सांगितले होते, ते माझ्या डोक्यात पक्के बसलेले होते.

सोनोग्राफी तालुक्याच्या गावी झाली आणि मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, जिल्ह्याच्या ठिकाणी. पहिल्या रिपोर्टमध्ये 'कडा अनियमित, गाठीच्या मागे सावली' असे होते. दुसऱ्यात 'काटेरी कडा' आणि शेवटी 'बायरॅड्स ५' असा शेरा होता. (बायरॅड्स म्हणजे चित्रावरून संशय किती, ते सांगणारी पायरी.) या आकड्याचा अर्थ मी एसटीत बसल्या बसल्या मोबाइलवर शोधला : कर्करोगाची शक्यता ९५ टक्क्यांहून अधिक. पुढचा तासभर खिडकीबाहेर काय गेले ते मला सांगता येणार नाही.

ज्या शल्यचिकित्सकांकडे आम्ही प्रथम गेलो (शहराचे आणि रुग्णालयाचे नाव मुद्दाम लिहीत नाही), त्यांनी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली, दोन मिनिटे पाहिली, गाठ हाताने तपासली आणि 'सुई टोचून वेळ घालवण्यात अर्थ नाही, मंगळवारी स्तन काढून टाकू' असे सांगितले. कापूस घरात यायला अजून दोन महिने होते, त्यामुळे यजमान तिथल्या बाकावरच सोसायटीच्या कर्जाचा हिशेब करू लागले. माझ्या फुईची मुलगी मुंबईत परिचारिका आहे. रात्री तिला फोन केला, तेव्हा ती एवढेच म्हणाली, "ताई, पैशाचे नंतर पाहा. तुकड्याचा रिपोर्ट हातात आल्याशिवाय टेबलावर झोपू नकोस."

मग धुळ्याला ट्रू-कट बायोप्सी केली, म्हणजे जाड सुईने गाठीचे तुकडे काढले. डॉक्टरांनी जागा बधिर केली आणि सोनोग्राफीच्या पडद्यावर गाठ पाहत पाहत पाच वेळा सुई चालवली. प्रत्येक वेळी शाळेतल्या मोठ्या स्टेपलरसारखा 'खट्' आवाज होई. शेवयांच्या तुकड्यांसारखे पाच पांढरट धागे त्यांनी बाटलीतल्या औषधात सोडले आणि बाटली मला उजेडात धरून दाखवली. धागे सरळ तळाशी गेले होते. नुसती चरबी आली असती तर ती वर तरंगली असती, हे तळाशी बसले म्हणजे तुकडे बहुधा गाठीतूनच आले आहेत, असे त्यांनी समजावून सांगितले. त्या अकरा दिवसांत मला धीर देणारी तेवढी एकच गोष्ट घडली.

अकरा दिवस म्हणण्याचे कारण असे की चौथ्या दिवशी आलेल्या पहिल्या रिपोर्टमध्ये 'कर्करोगाच्या पेशी दिसत नाहीत, कणीदार पेशी आहेत, खात्रीसाठी आयएचसी करावी' असे लिहिले होते, आणि विशेष रंग लावून पेशी ओळखण्याच्या त्या तपासणीसाठी मेणाचा ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला तुकडा, मुंबईला पाठवावा लागला. अकराव्या दिवशी निदान आले : ग्रॅन्युलर सेल ट्यूमर, साधी गाठ. पुढे फक्त ती गाठ, भोवतालच्या थोड्या निरोगी भागासह, काढली. मोजमाप १.८ सेंटीमीटर भरले, कडा मोकळ्या मिळाल्या (म्हणजे काढलेल्या भागाच्या कडेला गाठीच्या पेशी नव्हत्या), दुसऱ्या दिवशी मी घरी आले. केमो नाही, रेडिएशन नाही, गोळ्या नाहीत. सहा महिन्यांनी तपासणी झाली, तीही व्यवस्थित आली.

माझा प्रश्न असा आहे की अनुभवी डॉक्टरांचा हात, सोनोग्राफी आणि मॅमोग्राफी, अशा तिघांचीही एकाच वेळी चूक कशी होऊ शकते? आणि अशा आणखी कोणत्या गाठी असतात? जाणकारांनी लिहावे. ज्यांना असा अनुभव आला असेल त्यांनीही लिहावे, नाव लिहिण्याची गरज नाही.


पांझराकाठ

ताई, मी विकृतिशास्त्राचा डॉक्टर आहे, म्हणजे तुमच्या बाटलीतले धागे ज्याच्या टेबलावर येतात त्या जातीचा. (तुमचे धागे माझ्याकडे आले नव्हते, हे आधीच स्पष्ट करतो.) तिघांची चूक झाली, असे मात्र मी म्हणणार नाही. मॅमोग्राफीला पेशी दिसत नाहीत, तिला घनता आणि आकार दिसतो. ग्रॅन्युलर सेल ट्यूमरला स्वतःभोवती आवरण नसते. त्याच्या पेशी आजूबाजूच्या चरबीत आणि तंतूंमध्ये बोटे घातल्यासारख्या शिरतात, तिथे तंतुमय ऊती वाढते आणि आकसते, आणि त्या आकसण्याने सभोवारचा भाग गाठीकडे ओढला जातो. फिल्मवर जे काटे दिसतात ते या ओढाताणीचे असतात. तुमच्या कातडीला पडलेली खळीही त्याच ओढीची. कर्करोगही बहुतेक वेळा असाच वागतो, म्हणून चित्र सारखे येते. रेडिऑलॉजिस्टने 'पाच' लिहिले ते बरोबरच लिहिले, कारण त्या आकड्याचा अर्थ 'कर्करोग आहे' असा नसून 'हे दिसते आहे ते इतके संशयास्पद आहे की तुकडा घेतलाच पाहिजे' असा आहे. चूक झाली असेल तर ती आकड्याला निदान समजून थेट मंगळवारची तारीख देणाऱ्यांची.

या गाठीचा इतिहास थोडा मजेदार आहे. रशियन विकृतिशास्त्रज्ञ अलेक्सेई अब्रिकोसॉव्ह यांनी १९२६ मध्ये तिचे वर्णन प्रथम नीट केले. १९२४ मध्ये लेनिन यांच्या मृतदेहाचे शवविच्छेदन करणारे तेच हे डॉक्टर. त्यांनी जिभेवरच्या गाठी पाहिल्या होत्या आणि जिभेत स्नायू असल्यामुळे या पेशी स्नायूंच्याच असाव्यात असे त्यांना वाटले, म्हणून 'मायोब्लास्टोमा' हे नाव कित्येक वर्षे चालले. नंतर कळले की त्या मज्जातंतूंना वेढणाऱ्या श्वान (Schwann) पेशींपासून आलेल्या असतात. म्हणूनच ही गाठ शरीरात कोठेही होऊ शकते : जिभेवर, कातडीखाली, अन्ननलिकेत, आणि क्वचित स्तनात. स्तनात ती वरच्या आणि आतल्या भागात अधिक आढळते, कारण कॉलरच्या हाडावरून खाली येणाऱ्या मज्जातंतूंचे ते क्षेत्र आहे. तुम्ही सांगितलेली जागा तंतोतंत तीच आहे. कर्करोग याउलट काखेकडच्या वरच्या भागात अधिक सापडतो. मात्र या जागेवरून कोणी घरी बसून निदान करू नये.

सूक्ष्मदर्शकाखाली या पेशी मोठ्या, गुलाबी आणि रव्याच्या बारीक कण्यांनी भरल्यासारख्या दिसतात. हे कण म्हणजे पेशीतल्या लायसोसोमचे, म्हणजे पेशीतला कचरा पचवणाऱ्या पिशव्यांचे, साठे. केंद्रक लहान आणि शांत असते. 'शांत' हा आमच्या बोलण्यातला शब्द आहे आणि तो ऐकायला मिळाला की रुग्णाने हळूच श्वास सोडायला हरकत नाही. खात्रीसाठी जे रंग वापरतात त्यांपैकी एस-१०० हा श्वान पेशींना रंगवतो आणि केराटिन हा कर्करोग ज्यांच्यापासून होतो त्या पेशींना. एस-१०० लागला आणि केराटिन लागला नाही, तर प्रश्न मिटतो. तुमच्या पहिल्या रिपोर्टमध्ये ज्यांनी 'खात्री करावी' असे लिहिले त्यांच्यामुळे तुमचे सात दिवस वाढले, पण त्यांनी ते लिहिले हे फार चांगले केले, कारण केवळ बारीक सुईने पेशी ओढून पाहिल्या असत्या तर या कणीदार पेशींचा दुसऱ्याच कशाशी घोटाळा होऊ शकतो. शस्त्रक्रिया चालू असताना घाईघाईने गोठवून पाहिलेल्या तुकड्यातही तो होऊ शकतो.

या गाठींपैकी १ ते २ टक्के किंवा त्याहूनही कमी गाठी घातक निघतात, आणि कडा अपुरी राहिली तर साधी गाठही त्याच जागी पुन्हा येऊ शकते. त्यामुळे वर्षातून एकदा तपासणी सोडू नका.


केळीबाग

मी रावेरकडचा. धागा वाचला आणि माझ्या घरातला प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही. माझ्या आईला, वय ६३, डाव्या स्तनात गाठ आहे. सोनोग्राफीत 'बायरॅड्स ४' आले आहे. डॉक्टर बायोप्सी सांगतात आणि घरातली सगळी वडीलधारी मंडळी एका सुरात सांगतात की गाठीला लोखंड लागले की ती भडकते. माझ्या चुलत्यांनी तर गावातली तीन नावे मोजून दाखवली की यांना सुई टोचली आणि वर्षभरात त्या गेल्या. त्यांना काय उत्तर द्यावे?


पांझराकाठ

भाऊ, चुलत्यांनी मोजलेली तीन नावे खोटी नसतील. पण त्या तिघींना सुई केव्हा लागली, ते त्यांना विचारा. आपल्याकडे सुई बहुधा गाठ लिंबाएवढी होऊन, काखेत उतरून, कधी कातडी फुटल्यावर लागते. पुढे जे होते ते त्या उशिराचे असते आणि नाव लोखंडाचे होते. सुईच्या वाटेवर काही पेशी सरकतात हे खरे आहे आणि ते तपासूनही पाहिलेले आहे, पण त्यामुळे रुग्णांचे आयुष्य कमी झाल्याचे दिसून आलेले नाही. जगभर स्तनाच्या गाठीचा तुकडा शस्त्रक्रियेआधीच सुईने घेतात, कारण गाठ कोणती ते कळल्याशिवाय किती कापायचे, की आधी औषध द्यायचे, हे ठरवताच येत नाही.

'४' या गटात फार मोठा पल्ला येतो. त्यात शक्यता २ टक्क्यांपासून ९५ टक्क्यांपर्यंत कितीही असू शकते, म्हणून त्याचे अ, ब, क असे पोटभाग करतात. रिपोर्टमध्ये तो पोटभाग लिहिला आहे का ते पाहा. लिहिला असो वा नसो, बायोप्सी टाळू नका.


गिरणामाय

मी चाळीसगावची. माझी गोष्ट गाठीची असली तरी ती ट्यूमर नव्हती, तरीही सांगते, कारण मलाही पहिले तीन आठवडे कॅन्सर समजूनच काढावे लागले होते.

माझे वय तेव्हा २९, मुलगी तीन वर्षांची, दूध तोडून वर्ष झालेले. डाव्या स्तनाचा पाव भाग दगडासारखा झाला, निपल आत ओढले गेले, काखेत गाठी लागल्या. सोनोग्राफी करणाऱ्यांनी दाहक प्रकारच्या कर्करोगाची शंका लिहिली. बायोप्सीत कर्करोग नाही, 'ग्रॅन्युलोमा' (दाहाने जमलेल्या पेशींचे बारीक गोळे) आहेत, असे आले. ज्यांच्याकडे उपचार चालू होते त्यांनी ग्रॅन्युलोमा म्हणजे टीबीच, असे धरून टीबीच्या गोळ्या चालू केल्या. टीबीचा जंतू कोणत्याही तपासणीत सापडलेला नव्हता. सहा महिने गोळ्या घेतल्या, लघवी नारिंगी झाली, भूक गेली आणि स्तनावर तीन ठिकाणी तोंडे पडून पू वाहू लागला. दिवसातून चार वेळा मुलीच्या जुन्या झबल्यांच्या घड्या आत ठेवून मी बँकेत काम केले आहे. शेवटी पुण्याला दुसऱ्या डॉक्टरांनी जुने ब्लॉक मागवून पुन्हा पाहिले, टीबीचा जंतू शोधणाऱ्या सीबीनॅट आणि कल्चर या तपासण्या पुन्हा केल्या आणि सांगितले की हा 'इडिओपॅथिक ग्रॅन्युलोमेटस मॅस्टायटिस' आहे, म्हणजे कारण न कळणारा स्तनाचा दाह. स्टेरॉइड चालू केल्यावर दोन महिन्यांत फरक पडला, पण पूर्ण कोरडे व्हायला चौदा महिने लागले. तोंड सुजून मी ओळखू येत नव्हते ते वेगळेच. आता व्रण आहेत आणि स्तनाचा आकार बदललेला आहे, बाकी काही नाही.

डॉक्टरसाहेब, माझा राग त्या पहिल्या उपचारांवर आहे. तो योग्य आहे की नाही, हे स्पष्ट सांगावे.


पांझराकाठ

ताई, राग समजतो, आणि अर्धा योग्यही आहे. तुम्हाला झालेला आजार १९७२ मध्ये केसलर आणि वोलॉक यांनी प्रथम वेगळा ओळखला. तो बहुधा बाळंतपणानंतरच्या काही वर्षांत होतो आणि आधी कॅन्सर व नंतर टीबी अशी दोन्ही सोंगे घेतो. स्तनाचा टीबी आपल्या देशात खरोखर होतो. इंग्रज शल्यचिकित्सक ॲस्टली कूपर यांनी १८२९ मध्ये त्याचे वर्णन केले होते. जंतू त्यात फार थोडे असतात, त्यामुळे तपासणी कोरडी येऊनही टीबी असू शकतो. स्टेरॉइड आधी दिले आणि आतून टीबी निघाला तर तो पेटतो, म्हणून अनेक डॉक्टर टीबीच्या बाजूने झुकतात. झुकण्याला माझा आक्षेप नाही. पण दोन-तीन महिन्यांत काहीच फरक न पडता नवी तोंडे पडू लागली, तेव्हा थांबून निदान पुन्हा तपासायला हवे होते. तुमचा उरलेला अर्धा राग त्या न थांबण्यावर ठेवा.


तोरणमाळ

मला या धाग्याबद्दल गंभीर आक्षेप आहे आणि तो कोणाला बोचला तरी मी नोंदवतो. माझ्या मावशीला नंदुरबार जिल्ह्यातल्या एका गावी बारीक सुईने तपासून 'साधी गाठ आहे, काळजी करू नका' असे सांगितले गेले. तिने काळजी केली नाही. दोन वर्षांनी पाठीचे हाड दुखू लागले तेव्हा कळले की कर्करोग मणक्यात गेला आहे. 'कॅन्सरसारखी दिसली, पण नव्हती' अशा चार गोष्टी वाचून आमच्याकडच्या किती बाया 'माझीही तशीच असेल' म्हणून घरी बसतील, याचा विचार लिहिणाऱ्यांनी केला आहे काय? दुर्मीळ ते दुर्मीळच. हजारांत एखादीचे नशीब सगळ्यांना दाखवू नये.


बोरीकाठची

तोरणमाळ भाऊ, आक्षेप बोचला आणि तो बोचायला हवा होता. मावशींबद्दल वाचून फार वाईट वाटले. एवढेच सांगते की माझ्या गोष्टीत मी घरी बसलेले नाही. गाठ लागल्यापासून तुकडा काढेपर्यंत सतरा दिवस गेले आणि त्यातले चार सुट्टीचे होते. माझा स्तन वाचला तो थांबल्यामुळे नव्हे, मंगळवारच्या आधी सोमवारी धुळ्याला गेल्यामुळे. तरीही शीर्षक वाचून कोणी चुकीचा अर्थ काढू शकते हे मान्य आहे, म्हणून वर एक ओळ वाढवते : यातील प्रत्येक गाठ बायोप्सीनंतरच साधी ठरली.


यावलची सिस्टर

मी उपकेंद्रावर काम करते. तीस वर्षांवरील महिलांच्या तपासणीत आम्ही स्तन हाताने तपासतो. हाताला गाठ लागते, गाठीचे नाव लागत नाही, हे प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी सांगितलेले असते. तरी बायका चादरीआडून विचारतातच, "सिस्टर, साधी आहे ना?" मी उत्तर देत नाही, चिठ्ठी देते.

हाताच्या तपासणीला कमी लेखू नये, म्हणून एक सांगते. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून सुमारे दीड लाख महिलांवर मोठा अभ्यास केला. त्यात निम्म्या महिलांची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासणी केली. २०२१ मध्ये आलेल्या निष्कर्षांत पन्नाशीपुढच्या महिलांमध्ये स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झालेले दिसले. तिथे मशीन नव्हते, बोटेच होती.


पांझराकाठ

तोरणमाळ भाऊंच्या मुद्द्याला सविस्तर उत्तर देणे भाग आहे, कारण त्यांच्या मावशींच्या बाबतीत जे चुकले तेच ताईंच्या बाबतीत उलट दिशेने चुकणार होते. नियम असा आहे की हाताची तपासणी, फिल्म आणि तुकडा या तिघांचे एकमेकांशी जुळले पाहिजे. फिल्म म्हणते 'पाच' आणि तुकडा म्हणतो 'साधी चरबी, विशेष काही नाही', तर तो तुकडा गाठीतून आलाच नाही असे धरून पुन्हा घ्यायचा असतो किंवा गाठच काढून पाहायची असते. 'साधी' हा शब्द तेव्हाच स्वीकारायचा, जेव्हा फिल्मवर जे वाईट दिसले त्याचे कारण सांगणारे नाव तुकड्यात सापडते. ग्रॅन्युलर सेल ट्यूमर हे असे नाव आहे; ते काट्यांचा हिशेब देते. मावशींच्या रिपोर्टमधला 'साधी गाठ' हा शब्द कशाचाच हिशेब देत नव्हता. बारीक सुईत काही न सापडणे आणि काही नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ताईंनी विचारले होते की अशा आणखी कोणत्या गाठी असतात. सगळ्यांत जास्त वेळा फसवते ते मेलेल्या चरबीचे ओझे, ज्याला फॅट नेक्रोसिस म्हणतात. मार लागून, शस्त्रक्रियेने किंवा रेडिएशनने चरबी मरते, साबणासारखी होते आणि भोवती टणक कवच धरते. हातपंपाचा दांडा उसळून छातीवर बसलेल्या एका बाईंचा तुकडा मी पाहिलेला आहे. गाठ सापडली तेव्हा मार लागून वर्ष होऊन गेले होते आणि त्या मार विसरूनही गेल्या होत्या. मी फोन करून तीनदा विचारले तेव्हा त्यांच्या सुनेला आठवला. सूक्ष्मदर्शकाखाली तिथे चरबी खाऊन फुगलेल्या पेशी आणि रिकामी तेलाची घरे दिसत होती. म्हणून सांगतो, डॉक्टरांनी 'कधी मार लागला होता का' विचारले तर पटकन 'नाही' म्हणू नका. आणि उलटही लक्षात ठेवा : मार लागल्याचे आठवते म्हणून गाठ माराचीच, असेही नसते, कारण मार लागल्यावर हात फिरवताना आधीचीच गाठ सापडलेली असते, असे अनेकदा होते.

अनेक वर्षे इन्सुलिन घेणाऱ्या स्त्रियांना, विशेषतः लहान वयात मधुमेह जडलेल्यांना, खडकासारख्या न दुखणाऱ्या गाठी होतात. सोनोग्राफीत त्यांच्यामागे गडद सावली पडते, पाहणाऱ्याच्या छातीत धस्स होते, आणि निघतो तो डायबेटिक मॅस्टोपथी. तुकड्याने खात्री झाली की तो काढण्याची गरज नसते; काढला तर शेजारी पुन्हा येतो. फायब्रोमॅटोसिस, म्हणजे तंतुमय ऊतीची वाढ, हा मात्र वेगळा प्राणी आहे. तो दूर पसरत नाही, पण मूळ जागी चिवटपणे परत येतो, आणि त्याच्यावर घाईने सुरी चालवण्यापेक्षा काही वेळा नुसते लक्ष ठेवणेच हल्ली पसंत करतात. रेडियल स्कार ही व्रणासारखी तंतुमय जागा फिल्मवर ताऱ्यासारखी दिसते. फायलोडिस या गाठीला नाव पानासाठीच्या ग्रीक शब्दावरून मिळाले आहे, कारण कापल्यावर आत पानांसारख्या घड्या दिसतात. ते नाव १८३८ पासून चालत आले आहे. तो झपाट्याने वाढून घाबरवतो, बहुतेक वेळा साधा असतो, पण त्याचे घातक रूपही असते, म्हणून तो कडांसह पूर्ण काढायचा.

या सगळ्या मिळूनही आमच्या टेबलावर येणाऱ्या संशयास्पद तुकड्यांत थोड्याच असतात. तोरणमाळ भाऊ म्हणतात ते त्या अर्थाने खरे आहे. मी स्वतः आजवर स्तनातला ग्रॅन्युलर सेल ट्यूमर दोनदाच पाहिला आहे, आणि पहिल्या वेळी मला रात्री झोप लागली नव्हती.


तोरणमाळ

'न सापडणे आणि नसणे' हे मला दोन वर्षांपूर्वी कोणी सांगितले नाही. आक्षेप मागे घेत नाही, पण शीर्षकाखालची ओळ वाचली. ती राहू द्यावी.


केळीबाग

उशिरा लिहितो आहे, तीन आठवडे गडबडीत गेले. चुलत्यांना तुमचे उत्तर वाचून दाखवले. ते काही बोलले नाहीत, पण बायोप्सीच्या दिवशी गाडी त्यांनीच काढली. आईचा रिपोर्ट आला. तो या धाग्यातल्या गाठींपैकी नाही. इन्व्हेसिव्ह डक्टल कार्सिनोमा, म्हणजे दूधनलिकांतून सुरू होऊन आजूबाजूला शिरलेला कर्करोग आहे, गाठ दोन सेंटीमीटरच्या आत आहे, काखेत काही दिसत नाही, हार्मोनचे रिसेप्टर पॉझिटिव्ह आहेत (म्हणजे हार्मोनमुळे वाढणारा प्रकार). डॉक्टर म्हणतात की स्तन ठेवून शस्त्रक्रिया करता येईल. आईने सगळे ऐकून घेतल्यावर फक्त एवढेच विचारले की केळी कापणीला येईपर्यंत उठून बसता येईल ना.

आम्हाला दुसरे मत घ्यायला मुंबईला जायचे आहे. भुसावळहून रात्रीच्या गाडीचे आरक्षण मिळाले आहे. तिथे 'ब्लॉक आणि स्लाइड आणा' असे सांगितले आहे. ते कोणाकडे मागायचे आणि कसे न्यायचे? इथल्या लॅबवाल्यांना मागितले तर त्यांना राग येईल का?


बोरीकाठची

भाऊ, आईंना माझा नमस्कार सांगा. राग कोणाला येत नाही, त्यांना सवय असते. ज्या लॅबचा शिक्का रिपोर्टवर आहे तिथेच जायचे, रिपोर्टवरचा बायोप्सी क्रमांक सांगायचा आणि 'दुसऱ्या मतासाठी ब्लॉक आणि स्लाइड हव्या आहेत' असा साधा अर्ज लिहून द्यायचा. माझ्याकडून आधारकार्डाची प्रत घेतली होती आणि रजिस्टरमध्ये सही. मिळाल्यावर ब्लॉकवर कोरलेला क्रमांक आणि रिपोर्टवरचा क्रमांक तिथेच जुळवून पाहा, घरी आल्यावर नको. मूळ रिपोर्ट, फिल्म आणि सोनोग्राफीचा कागद एकाच फायलीत ठेवा, सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स काढा.


पांझराकाठ

ताईंनी सगळे सांगितले आहे, एकच भर घालतो. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला तुकडा असतो, आणि ते मेण साधारण ५६ ते ६० अंशांना वितळते. मे महिना आहे, आपल्याकडे सावलीतच ४४-४५ होते; उन्हात बंद उभ्या गाडीच्या डॅशबोर्डावर त्याच्या कितीतरी वर जाते. रावेर ते भुसावळ गाडीने जाणार असाल तर ब्लॉक काचेपाशी किंवा डिकीत ठेवू नका. कापसात गुंडाळून स्टीलच्या छोट्या डब्यात घाला आणि डबा आईंच्या हातातल्या पिशवीत, पाण्याच्या बाटलीशेजारी ठेवा. स्लाइड काचेच्या आहेत, त्या वेगळ्या पुठ्ठ्यात. रेल्वेत डबा वरच्या फळीवर टाकू नका, उशाशी घ्या. पोहोचल्यावर काउंटरवर देताना पावती घ्या आणि काम झाले की ब्लॉक परत मागा. पुढे कधी नवी तपासणी निघाली तर तोच लागतो.